जुनी व्हॅन सुरू होत नाही? आधी निदान, मग सुटे भाग

पहाटेची वेळ. अंगणात उभी असलेली जुनी व्हॅन. किल्ली फिरवली, की नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि पुन्हा शांतता पसरते. हा अनुभव ग्रामीण भागातील वाहनधारकांना नवा नाही. इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे नीरा नदीकाठचे गाव. कोर्ट-कचेरीच्या कामासाठी इंदापूर गाठावे लागते, तर मोठा दवाखाना, बाजारपेठ आणि वाहनांच्या सुट्या भागांसाठी बारामतीची वाट धरावी लागते. अशा गावांत व्हॅन ही चैनीची वस्तू नसते. दुधाचे कॅन, भाजीची पोती, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड आणि प्रसंगी घरातील आजारी माणूस असे सर्व काही याच वाहनातून जाते. त्यामुळे व्हॅन अडली, की घराचा दिवस अडतो.

अशा वेळी घाईने निर्णय घेतले जातात. कोणी बॅटरी बदलण्यास सांगतो, कोणी कॉइल, तर कोणी थेट कार्बोरेटर. हजारो रुपये खर्च झाल्यावर मूळ दोष बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये किंवा गंजलेल्या अर्थच्या वायरमध्ये होता, असे उघड होते. हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. आधी सेल्फ, मग ठिणगी, मग पेट्रोल, या क्रमाने तपासणी करावी आणि तपासणीने दोष दाखविल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये. या क्रमाची माहिती वाहनधारकांसाठी येथे दिली आहे.

व्हॅनची ओळख

आपल्याकडे 'व्हॅन' म्हटले, की डोळ्यांसमोर मारुतीची व्हॅनच येते. ती १९८४ मध्ये बाजारात आली आणि १९८८ पासून 'ओम्नी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि मागच्या चाकांना मिळणारी गती ही तिची वैशिष्ट्ये. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मात्र खेड्यापाड्यांत या व्हॅन आजही वापरात आहेत. सुरुवातीच्या व्हॅनमध्ये कार्बोरेटर होता, नंतरच्या गाड्यांत इंधन फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली.

त्याआधीची पिढी मॅटाडोरची. बजाज टेम्पो कंपनीने १९६९ मध्ये ती आणली. पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना असलेली ही कंपनी २००५ पासून 'फोर्स मोटर्स' या नावाने ओळखली जाते. मॅटाडोर डिझेलवर चालणारी असल्याने तिची तपासणी काहीशी वेगळी आहे. तिचा विचार शेवटी केला आहे.

ओम्नीची एक गोष्ट लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. आसन उचलूनच इंजिनापर्यंत पोहोचता येते. म्हणजे पेट्रोलची गळती किंवा आगीची ठिणगी उडाली, तर ती बॉनेटखाली नव्हे, तर थेट प्रवाशांच्या बसण्याच्या जागेत असते.

हात लावण्यापूर्वी

वाहन सपाट जागी उभे करावे. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना दगडाची उटी लावावी. मुलांना वाहनातून उतरवावे. विडी, सिगारेट, कंदील किंवा काडेपेटी जवळ नसावी. अंधार असेल, तर बॅटरीवर चालणारा विजेरीचा प्रकाश घ्यावा. बॅटरीतून बाहेर पडणारा हायड्रोजन वायूही पेट घेऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसते. पेट्रोलचा तीव्र वास येत असेल, तर किल्लीला हात न लावता दारे उघडून आधी गळती शोधावी.

साधने फार लागत नाहीत. दहा नंबरचा पाना, प्लगपाना, पक्कड, पॉलिश पेपर, एक चांगला जादा प्लग आणि शक्य असल्यास साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो का?

हेडलाइट लावून किल्ली फिरवावी आणि दिव्यांकडे पाहावे. यातून बरेच काही कळते.

दिवे मुळातच मंद असतील किंवा सेल्फ मारताच पूर्ण विझत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा जोड खराब आहे. सेल्फ रेंगाळत फिरत असेल, तरी संशय प्रथम याच दोहोंवर घ्यावा. दिवे प्रखर राहतात आणि सेल्फकडून काहीच प्रतिसाद नाही, असे असेल, तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये, सेल्फकडे जाणाऱ्या बारीक वायरमध्ये किंवा सेल्फवरील सॉलेनॉइडमध्ये असू शकतो. एकदाच जोरात 'टक्' आवाज येतो आणि मोटर फिरत नाही, याचा अर्थ सॉलेनॉइड ओढला जातो. पण मोटरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत. 'टक्-टक्-टक्' असा सलग आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा असतो.

मल्टिमीटर असल्यास निदान अधिक नेमके होते. रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे. १२ च्या खाली असल्यास तिला चार्जिंगची गरज आहे. सेल्फ फिरत असताना हा आकडा साडेनऊ व्होल्टच्या खूप खाली घसरत असेल, तर बॅटरी कमकुवत झाली आहे. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते मिळत नसल्यास दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरच्या चार्जिंगचा आहे. अशा वाहनात नवी बॅटरी बसवली, तरी ती चार दिवसांत उतरते आणि दोष मात्र नव्या बॅटरीला दिला जातो.

बॅटरीवर खर्च करण्यापूर्वी दोन्ही टर्मिनल सोडवून साफ करावेत. सोडवताना आधी ऋण, मग धन; जोडताना आधी धन, मग ऋण हा क्रम पाळावा. टर्मिनलवरील पांढरी-हिरवट बुरशी कोमट पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करावा, घट्ट आवळावा आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली लावावी. त्यानंतर इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी पाहावी. जुन्या व्हॅनमध्ये हा दोष वारंवार आढळतो. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आल्यास अर्थ खराब आहे, असे समजावे. वायरची किंमत आणि नव्या सेल्फची किंमत यांतील फरक लक्षात घेता ही चाचणी सोडू नये.

दुसऱ्या बॅटरीची मदत

शेजारच्या वाहनाच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून व्हॅन सुरू करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती बॅटरी १२ व्होल्टचीच असल्याची खात्री करावी. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असू शकते. प्रथम उतरलेल्या बॅटरीचे धन टोक, मग चांगल्या बॅटरीचे धन टोक, त्यानंतर चांगल्या बॅटरीचे ऋण टोक आणि शेवटी बंद वाहनाच्या इंजिनाचा रंग नसलेला धातू या क्रमाने केबल जोडावी. शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर करण्याचे कारण असे, की तेथे उडणारी ठिणगी बॅटरीच्या वायूपर्यंत पोहोचू नये. केबल काढताना क्रम उलटा ठेवावा.

धक्का देऊन सुरू करणे हा कार्बोरेटरच्या व्हॅनसाठी जुना उपाय आहे. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला आणि वेग आल्यावर क्लच सोडायचा. मात्र बॅटरीत अजिबात जीव नसेल, तर ठिणगीच निर्माण होत नाही. मग कितीही माणसे लावली, तरी उपयोग होत नाही. एमपीएफआय व्हॅनला वारंवार धक्का मारू नये, कारण न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. वाहत्या रस्त्यावर, उतारावर किंवा अंधारात हा प्रयोग करू नये.

दुसरा प्रश्न : ठिणगी आहे का?

सेल्फ जोमाने फिरतो. पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी बॅटरीचा विषय संपला. आता प्लगपर्यंत ठिणगी येते का, हे पाहावे. एका प्लगची वायर काढून तीत जादा प्लग बसवावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारण्यास सांगावे. निळसर, कडक आवाज करणारी ठिणगी चांगली समजावी. पिवळसर, मलूल ठिणगी किंवा ठिणगीचा अभाव हे दोषाचे लक्षण आहे. ही चाचणी कार्बोरेटरपासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूर करावी. वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा भाग त्यामुळे जळू शकतो.

ठिणगी नसल्यास प्रथम डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. पावसाळ्यात व हिवाळ्याच्या दवात झाकणाच्या आत ओल साचते. कोरड्या फडक्याने ती पुसली, तरी अनेकदा इंजिन सुरू होते. झाकणाला केसाएवढी चीर असेल, तर ते बदलावे लागते. जुन्या व्हॅनमध्ये पॉइंट असतात. ते काळवंडले किंवा त्यांच्यातील अंतर बिघडले, तर ठिणगी मरते. हे अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावे. तथापि वाहनाच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर तपासावा. त्यानंतरच कॉइलकडे वळावे.

ऊस आणि धान्य असलेल्या गावात आणखी एक कारण विसरून चालणार नाही, ते म्हणजे उंदीर. काही दिवस उभ्या असलेल्या वाहनाच्या उबदार इंजिनाजवळ ते आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून मीटर हाती घेण्याआधी वायरी डोळ्यांनी नीट पाहाव्यात आणि फ्यूजही तपासावेत.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत असल्याचे जाणवले, तर अधिक प्रयत्न थांबवावेत. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून सेल्फ मारल्यावर आतील रोटर फिरत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. हे काम मेकॅनिकचेच आहे.

तिसरा प्रश्न : पेट्रोल पोहोचते का?

हा प्रश्न विचारण्यापूर्वी टाकीत पेट्रोल असल्याची खात्री करावी. जुन्या व्हॅनचा काटा अनेकदा खोटे बोलतो.

बराच वेळ सेल्फ मारल्यावर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला व वास तीव्र असेल, तर पेट्रोल जास्त झाले आहे. दोन्हींचे उपाय परस्परविरोधी आहेत. म्हणून प्लग पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पेट्रोल जास्त झाले असल्यास चोक पूर्ण आत ढकलावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि पाच सेकंद सेल्फ मारावा. ॲक्सिलरेटर पुनःपुन्हा दाबल्यास आणखी पेट्रोल जाते. तरीही इंजिन सुरू न झाल्यास प्लग काढून वाळवावेत. हा त्रास रोजचा असेल, तर कार्बोरेटरमधील फ्लोट किंवा त्याची सुई पेट्रोल रोखत नाही, असे समजावे.

पेट्रोल कमी येत असल्यास फिल्टर, रबरी नळ्या आणि पंप या क्रमाने पाहावे. कार्बोरेटरच्या व्हॅनमध्ये पंप इंजिनाच्या गतीवर चालतो व त्यात पातळ पडदा असतो. तो फाटला, की पेट्रोल ओढले जात नाही. नळीला बारीक चीर असली, तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. एमपीएफआय व्हॅनमध्ये पंप विजेवर चालतो. किल्ली चालू करताच दोन-तीन सेकंद मागून बारीक गुणगुण ऐकू यावी. ती येत नसल्यास पंपाचा फ्यूज व रिले आधी पाहावा.

उन्हाळ्यात, विशेषतः दुपारी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना व्हॅन हट्ट धरते. आसनाखालच्या बंदिस्त जागेतील उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होते व पंप ते ढकलू शकत नाही. आसन उचलून वीस मिनिटे हवा खेळू द्यावी, पंपावर ओले फडके ठेवावे. वायरींवर पाणी ओतू नये.

इथेनॉलचा परिणाम

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील वाचकांना इथेनॉलची ओळख करून देण्याची गरज नाही. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे; परंतु १९८० व ९० च्या दशकांतील व्हॅन या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, मऊ पडते किंवा चिरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेपलीकडे गेले, की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. महिनाभर उभी असलेली व्हॅन सुरू न होण्यामागे हे कारण असू शकते.

तपासण्यासाठी थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकी रिकामी करून स्वच्छ करावी. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचा घ्यावा. हा खर्च टाळण्यासारखा नाही, कारण चिरलेल्या नळीचा शेवट केवळ बंद व्हॅनमध्ये होत नाही. गरम इंजिनावर गळणाऱ्या पेट्रोलमध्येही होऊ शकतो.

या गोष्टी करू नयेत

कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारणे ही सर्रास दिसणारी आणि सर्वांत घातक सवय आहे. इंजिनाने उलटा भडका दिला, तर ज्वाला वरच येते आणि ओम्नीत ती आसनांमध्ये येते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणेही तितकेच धोक्याचे आहे. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. असे घडल्यास उलटी करवू नये. रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे. घरगुती गॅस वाहनात भरणे बेकायदा तर आहेच, शिवाय जीवघेणे आहे. मान्यताप्राप्त एलपीजी संच असलेल्या व्हॅनमध्ये गॅसचा वास आल्यास टाकीचा झडप बंद करून वाहनापासून दूर व्हावे. स्वतः दुरुस्ती करू नये.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये व दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे. अन्यथा चांगला सेल्फ जळतो व बॅटरीही उतरते.

मॅटाडोर व इतर डिझेल वाहने

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्रश्न येत नाही. सेल्फनंतर थेट डिझेल व उष्णता पाहावी. डिझेल संपून वाहन थांबले असेल किंवा फिल्टर बदलला असेल, तर नळीत हवा अडकते. हातपंप मारून, फिल्टरवरील बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी आणि बोल्ट पुन्हा आवळावा. ज्या इंजिनांत हीटर प्लग आहेत, तेथे थंडीच्या पहाटे ते तापू दिल्याशिवाय सेल्फ मारू नये. इंजिन बंद करण्याची ओढतार अर्धवट अडकून राहिली, तरी डिझेल बंद राहते. ही साधी गोष्ट आधी पाहावी.

मेकॅनिकला काय सांगावे?

एवढी तपासणी करूनही व्हॅन सुरू झाली नाही, तरी वेळ वाया गेलेला नसतो. "गाडी सुरू होत नाही" एवढेच कळविल्यास मेकॅनिकला रिकाम्या हाताने यावे लागते आणि सुट्या भागासाठी पुन्हा बारामती किंवा इंदापूरला फेरी पडते. त्याऐवजी "सेल्फ चांगला फिरतो, ठिणगी निळी आहे, प्लग कोरडा आहे" असे सांगितल्यास तो पंपाचा पडदा, नळी व फिल्टर घेऊनच येतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. तारीख, दोष आणि खर्च यांची नोंद वहीत ठेवावी. वर्षभरात तोच दोष तिसऱ्यांदा आला, तर मूळ कारण अद्याप दूर झालेले नाही, हे त्या वहीतूनच कळते.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. घरात रुग्ण असताना व्हॅन सुरू झाली नाही, तर दुरुस्तीत एक मिनिटही घालवू नये. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेला प्रथम दूरध्वनी करावा, शेजाऱ्यांच्या वाहनाची चौकशी करावी आणि त्यानंतरच आसन उचलावे. व्हॅनचा दोष सकाळीही सापडेल. रुग्णाला मात्र तेवढी उसंत असतेच असे नाही.